जिन्याखालचं बटण कोण दाबतं?

नमस्कार ताई,

मी ५१ वर्षांची. पुण्यात सिंहगड रोडला राहते, बँकेत नोकरी करते. माहेर नाशिकचं. बाबा अंबडच्या एका कंपनीत होते. १९९४ मध्ये त्यांनी इंदिरानगरला बंगला बांधला. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं. गुडघ्यांमुळे आईला एकटीला तिथे ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तिला पुण्याला आणलं. आता खालच्या मजल्यावर एक जोडपं राहतं (भाडं १३,०००). त्यातली आईची देवघराची खोली तेवढी कुलूप लावून ठेवली आहे. वर पुढच्या बाजूला २०१९ पासून एक कुटुंब आहे (९,५००), मागच्या बाजूला कंपनीतली तीन मुलं (१०,५००). मुलं दर वर्षी बदलतात. करार सगळे नोटरीकडचे. पुढच्या कुटुंबाचा तर २०२२ लाच संपला, नवा केलाच नाही. त्यांचं भाडंही २०२१ नंतर वाढवलेलं नाही. आजूबाजूला तेवढ्याच जागेला साडेबारा हजार चालू आहे. पण बाबांना रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये त्या कुटुंबातल्या दादांनीच नेलं होतं. भाडं वाढवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गेल्या वर्षी मी १४ वेळा नाशिकला गेले. बँकेची सवय, म्हणून खेपांची यादी सोबत जोडते. दमले आहे. एक जण मॅनेजर म्हणून सगळं बघायला तयार आहे. दर महिन्याला भाड्याच्या १० टक्के, नवीन भाडेकरू आणला की एक महिन्याचं भाडं, दुरुस्ती वेगळी. भाडं तो गोळा करणार आणि आम्हाला पाठवणार. देवघराची खोली मोकळी केली तर खालचं भाडं वाढेल आणि कुंभमेळ्यात तो मजला रोजच्या भाड्याने देऊ, असंही त्याचं म्हणणं आहे. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, देऊन टाक, सुटशील. आई म्हणते, परक्याच्या हातात किल्ली द्यायची नाही. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. काय करू?

— इंदिरानगरची माहेरवाशीण

*

ताई,

यादी जोडलीत ते फार बरं केलंत. पत्र वाचून मी एक मत बनवलं होतं, यादी वाचल्यावर ते बदललं.

१४ खेपा. त्यातल्या ६ भाडेकरूंसाठी: दोन करारांच्या, दोन पाण्याच्या मोटरच्या, एक थकलेल्या लाईट बिलाची आणि एक वरच्या मुलांचं खालच्या जोडप्याशी गाड्या लावण्यावरून झालेलं भांडण मिटवायची. उरलेल्या ८ कशासाठी होत्या, ते तुमच्याच अक्षरात आहे. मामेबहिणीचं लग्न. बाबांचं वर्षश्राद्ध. आईचे डोळे तपासायला, कारण तिला नाशिकचेच डॉक्टर हवेत. नवरात्रात कालिकेची यात्रा. ‘आईला घर बघायचं होतं’ असं तर तीनदा लिहिलंय, आणि एका तारखेपुढे नुसतंच ‘सहज’.

या आठ खेपा कोणताही मॅनेजर वाचवू शकणार नाही. पुण्याहून निघून चाकणच्या कोंडीत तासभर अडकायचं आणि पुढे नारायणगावला चहा घ्यायचा, हे तुमचं मॅनेजर ठेवूनही चालूच राहणार आहे. दमणूक खरी आहे, पण तिचं सगळं बिल भाडेकरूंच्या नावावर फाडू नका.

आता त्या सहा खेपांकडे या. कराराच्या दोन खेपा मुळात लागतच नाहीत. लिव्ह अँड लायसन्सचा करार आता ऑनलाइन नोंदवता येतो. तुम्ही पुण्यात आधारवर अंगठा द्यायचा, भाडेकरूने नाशिकमध्ये. हे करून देणारे एजंट दोन्ही गावांत मशीन घेऊन घरी येतात. लाईट बिलाची खेपही वाचते. महावितरणच्या ॲपमध्ये तिन्ही ग्राहक क्रमांक टाकून ठेवले की कोणतं बिल कधी थकलं ते तुम्हाला सिंहगड रोडवर कळतं. कनेक्शन घराच्या मालकाच्या नावावर, त्यामुळे भाडेकरू बिल बुडवून गेला तर ते निस्तरायचं तुम्हालाच, म्हणून हे आजच करा. उरल्या तीन खेपा. दोन मोटरच्या, एक भांडणाची.

या तीन खेपांसाठी मॅनेजर किती मागतोय? तुमचं महिन्याचं एकूण भाडं ३३,०००. त्याचे १० टक्के म्हणजे ३,३००, वर्षाचे ३९,६००. मुलं दर वर्षी बदलतात, त्याचे वर १०,५००. झाले ५०,१००. खालचं जोडपं सोडून गेलं तर त्या वर्षी आणखी १३,०००. तुम्ही बँकेत आहात, आकडेमोड मी तुम्हाला काय शिकवणार. पण एक गोष्ट भाऊरायांना सांगा, कारण ‘तो खर्च टॅक्समध्ये वजा होतो’ असं अमेरिकेतून कोणी ना कोणी सांगतंच. आपल्याकडे घरभाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेली घरपट्टी वजा होते, मग उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती, दलाली, मॅनेजरचा पगार हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. तुम्ही मॅनेजर ठेवा किंवा ठेवू नका, वजावट तेवढीच. म्हणजे हे पन्नास हजार अख्खेच्या अख्खे खिशातून जाणार.

आता तुमच्या यादीतली जी ओळ मी तीनदा वाचली, तिच्याकडे येते. ११ जूनच्या खेपेपुढे तुम्ही लिहिलंय: ‘मोटर जळाली. दादांनी रात्रीच फोन केला. रोज तेच चालू-बंद करतात म्हणून लगेच कळलं.’

इंदिरानगरसारख्या भागात जुन्या बंगल्यात राहिलेल्या माणसाला या ओळीचा अर्थ लगेच कळतो. नळाला पाणी यायच्या वेळेला उठायचं. जिन्याखालचं बटण दाबायचं. वरची टाकी भरली की गच्चीवरून धार लागायच्या आत ते बंद करायचं. हे वर्षाचे ३६५ दिवस. ही नोकरी आहे, ताई. ती तुमच्या घरात गेली कित्येक वर्षं एक माणूस करतोय, आणि बहुधा तेवढीच करत नाही. जिन्यातला दिवा गेला तर कोण बदलतं? मीटर बघायला आलेल्या माणसाला गेट कोण उघडून देतं? मागच्या मुलांनी रात्री बारा वाजता गाणी लावली तर जाऊन दार कोण वाजवतं? आपोआप होतंय असं वाटणारी कामं कोणीतरी करतच असतं.

आता हिशेब करा. त्यांच्या जागेचं भाडं बाजारात साडेबारा हजार, तुम्ही घेता साडेनऊ. फरक महिन्याला ३,०००. नवा मॅनेजर मागतोय ३,३००.

तुमच्याकडे मॅनेजर आधीपासून आहे. तुम्ही त्याला महिन्याला तीन हजार देता आहात. फक्त हे दोघांपैकी कोणी तोंडाने बोललेलं नाही. त्यामुळे तुम्हाला वाटतं, आपण उपकाराखाली दबून भाडं वाढवत नाही आहोत. त्यांना कदाचित वाटत असेल, आपण एवढं करतो त्याची या लोकांना जाणीव तरी आहे का. आणि उद्या नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात तो काय करेल? त्यांचं भाडं साडेबारा करेल. कारण त्याचे १० टक्के त्यावरच आहेत. दादा दोन शब्द ऐकवतील, मोटरचं बटण दाबायचं सोडून देतील, आणि वर्षभरात दुसरीकडे जातील. मग ती जागा भरायचं एक महिन्याचं भाडं पुन्हा मॅनेजरलाच.

मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही. पण ज्याला नवीन भाडेकरू आणल्यावर जास्त पैसे मिळतात, त्याच्याकडून जुना भाडेकरू टिकवायची अपेक्षा ठेवू नये. शिवाय तुमच्याकडची मुलं कशी बदलतात ते बघा. कंपनीतल्या ट्रेनी मुलांची रूम तोंडी जाते. जाणारा येणाऱ्याला सांगतो, गादी आणि बादलीसकट हवाली करतो. त्यासाठी दर वर्षी साडेदहा हजार कशाला मोजायचे?

आता माझंही एक सांगते, म्हणजे मी हे पुस्तकातून बोलत नाही हे कळेल. काही वर्षांपूर्वी आमचा कॉलेज रोडजवळचा फ्लॅट मी असाच एकाच्या ताब्यात दिला होता. तेव्हा सासूबाई अंथरुणाला होत्या, मला घराबाहेर पडणं मुश्कील. नाशिकमध्येच राहून मला फ्लॅटकडे बघता येत नव्हतं, तुम्ही तर पुण्यात आहात, तेव्हा मॅनेजर ठेवणाऱ्याला मी कधी हसत नाही. भाडं वेळेवर यायचं. घराचे फोटो यायचे. वर्षात तीनदा मोटर रिवाइंड केल्याची बिलं आली, मी तिन्ही दिली. चौदा महिन्यांनी एका दुपारी सहज गेले, तर दार उघडणारा माणूस भलताच. ज्याच्याशी करार, तो केव्हाच बदलून गेला होता. त्याच्या डिपॉझिटचं काय झालं ते मला कधीच नीट कळलं नाही. मोटरच्या मिस्त्रीला गाठलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, ही मोटर अजून उघडलेलीच नाही, कंपनीचं सील आहे.’ आणि ते फोटो आमच्याच रंगकामाच्या वेळचे होते. पडद्यांवरून ओळखायला हवं होतं मला.

यातून मी माणसांवर विश्वास ठेवायचा सोडला असं नाही. पण एक मात्र कायमचं ठरवलं: भाडं आणि डिपॉझिट दुसऱ्याच्या खात्यातून फिरून येता कामा नये. पूर्वी वसुलीला माणूस लागायचा, कारण भाडं रोख असायचं आणि पाच तारखेला कोणीतरी दारात जाऊन उभं राहावं लागायचं. आता यूपीआयच्या काळात तीन भाडेकरूंचं भाडं गोळा करायला तीन मेसेज पुरतात. ‘भाडं मी गोळा करून पाठवतो’ ही सेवा नाही. तुमचे पैसे आठ-दहा दिवस आपल्याकडे फिरवायची ती सोय आहे.

तेव्हा माझं उत्तर: आत्ता मॅनेजर ठेवू नका. पण आहे तसं चालूही ठेवू नका. तुमची खरी अडचण मॅनेजर नसण्याची नाही, कागद नसण्याची आहे, आणि ती बघून मला तुमच्यापेक्षा जास्त धडकी भरली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण शिक्षेपेक्षा पुढची ओळ महत्त्वाची आहे: लेखी नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. आपल्याकडे अर्ध्या गावाला अजून वाटतं की स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं. बाबांनाही तसंच वाटलं असणार. दादा चांगले आहेत, मान्य. पण त्यांच्याकडे संपलेला नोटरीचा कागद आणि राहत्या घराची सहा-सात वर्षं आहेत, तुमच्याकडे काहीच नाही. चांगल्या माणसांचे मुलगे-सुना, मेहुणे असतात, आणि त्यांच्या ओळखीचे वकील असतात.

नोंदणीचा खर्च ऐकून तुम्ही हसाल. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क कराराच्या काळातल्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही मिळवायचं. तुमच्या भाड्यांना ते वर्षाला काही शे रुपयांच्या आतच बसतं. वर एजंटची फी. करार ११ महिन्यांचाच हवा असा काही नियम नाही, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दादांसाठी मी तीन वर्षांचा करीन, दर वर्षी पाच टक्के वाढ त्यातच लिहून. म्हणजे जीभ रेटायचा प्रश्न एकदाच येईल. करार नोंदवलेला असला आणि मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्यानंतरच्या काळाची दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. ‘मी खाली करून देतो’ म्हणणारे मॅनेजर यातलं काही करत नाहीत. ते पाणी तोडतात, लाईट तोडतात. तसं सबळ कारणाशिवाय करायला कायद्याची मनाई आहे, आणि मालकाने स्वतः केलं काय किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने केलं काय, कायदा मालकालाच धरतो.

करारावर सही कोणाची, हा मात्र तुमच्या घरातला नाजूक मुद्दा. मृत्युपत्र नाही, घर बाबांच्या कष्टाचं, म्हणजे आई, तुम्ही आणि भाऊ, तिघांचा सारखा हिस्सा. घरपट्टी अजून बाबांच्याच नावाने येत असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्या, महापालिकेतही आणि मिळकतीच्या उताऱ्यावरही. मग भावाकडून तुमच्या किंवा आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) घ्या. ते तो तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून पाठवू शकतो. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, ही तारीख चुकवू नका. आणि कागदाला ‘विशेष’ कुलमुखत्यारपत्र करा: या या मिळकतीचे भाडेकरार करणं, नोंदवणं, भाडं घेणं, एवढंच. विकण्याचा, गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात नको. (मॅनेजरच्या नावे तर कसलंच नको. तो मागेल, ‘सोयीसाठी’ म्हणून मागेल.)

भावाच्या हिश्श्याचं आणखी एक. तो अनिवासी असेल तर त्याच्या वाट्याच्या भाड्यावर टीडीएस कापायची जबाबदारी भाडं देणाऱ्यावर येते, रक्कम कितीही लहान असो. कंपनीत शिफ्ट करणारी पोरं हे करणार आहेत का? नाही. म्हणून एकदा सीएकडे तिघांची बैठक घ्या. भावाला घरात खरंच रस नसेल, तर आईच्या नावे हक्कसोडपत्र करून मोकळं होणं त्यालाही सोयीचं पडेल. पण तो जिव्हाळ्याचा विषय आहे, तुमच्याकडून निघाला तर ‘हिस्सा मागते’ असं ऐकायला येतं. सीएच्या तोंडून निघू द्या.

आता दादांशी बोलणं. हे काम तुम्ही मॅनेजरकडे टाकू पाहताय, आणि मला वाटतं पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. तुम्हाला वाईटपणा घेणारा माणूस हवाय. तसा तो बाजारात विकत मिळतो, पण तो वाईटपणा तुमच्याच नावाने घेतो.

तुम्ही स्वतः जा. फोनवर नको. त्यांच्या घरी जाऊन बसा, त्यांच्या बायकोलाही बसवा, कारण बटण दाबायला दादा फर्स्ट शिफ्टला असताना कोण उठतं हे मला न सांगताही कळतं. आधी हे म्हणा की बाबांच्या वेळचं आम्ही विसरलेलो नाही. मग सांगा की तिन्ही करार आता नोंदवायचे आहेत, फक्त तुमचा नाही. मग आकडा: भाडं साडेबारा हजार धरू, ते दर महिन्याला आईच्या खात्यात यू‌पीआयने जमा करा. आणि घराचं जे जे तुम्ही बघता, मोटर, टाकी, जिना, गेट, मिस्त्री आला तर त्याला दाखवणं, त्याचे अडीच-तीन हजार आम्ही दर महिन्याला तुम्हाला वेगळे पाठवू. त्यांच्या खिशाला फरक शून्याच्या आसपास. तुमच्याही. मग हा खटाटोप कशाला, असं आई विचारेल.

अशासाठी की भाडं आणि काम एकमेकांत कालवलेलं असलं की कशालाच कागद राहत नाही. ‘भाडं कमी, कारण घर सांभाळतो’ असं करारात कधीही लिहू नका. उद्या भाडेकरू की नोकर, हाच वाद उभा राहतो. करारात भाडं पूर्ण. कामाचे पैसे वेगळे, तुमच्या बाजूने, त्याची एक साधी पावती. काम नको असेल तर ते सरळ नाही म्हणू शकतात, तुम्हालाही एखाद्या महिन्यापासून थांबवता येतं, आणि घर त्यात येत नाही. साडेबाराचा आकडा एकदम जड वाटला तर यंदा साडेअकरा आणि पुढच्या वर्षी साडेबारा करा, तेवढं तुम्ही ठरवालच.

त्यांच्याकडे काय द्यायचं नाही तेही पक्कं हवं. बाकीच्या भाडेकरूंचं भाडं नाही, नवीन कोण येणार हा निर्णय नाही, आणि मुलांवर देखरेख तर अजिबात नाही. शेजारच्या भाडेकरूला मुकादम केलं की तिन्ही घरांत भांडण लागतं, हे मी दोन ठिकाणी बघितलंय. मुलांची नावं बदलली की नवा करार, आणि प्रत्येकाचं ओळखपत्र पोलिसांना कळवणं, हे तुम्हीच करायचं. राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर भाडेकरूची माहिती भरायची सोय आहे, इंदिरानगर पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागत नाहीत. गाड्यांचं भांडण? जागेवर जाऊन पांढऱ्या रंगाने दोन रेघा मारा आणि कोणाची कुठली ते करारात लिहा. माझ्या अनुभवात रेघ बोलते तेवढं घरमालक बोलून होत नाही.

आईच्या किल्लीबद्दल आई बरोबर आहे. मी हे आईंची बाजू घेते म्हणून म्हणत नाही. देवघराची खोली मोकळी करून वाढेल ते भाडं किती? दोन हजार? तीन? त्या खोलीसाठी आई वर्षातून तीनदा नाशिकला येते. आईचं येणंच बंद करायचं असेल तरच ती खोली रिकामी करा. फक्त खालच्या जोडप्याच्या करारात स्पष्ट लिहा की ही खोली करारातून वगळली आहे, घरमालकीण पूर्वसूचना देऊन तिथे येऊ-जाऊ शकेल. आत्ता ते नुसतं समजुतीवर चाललंय.

कुंभमेळ्याचं फार मनावर घेऊ नका. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, आणि सध्या नाशिकमध्ये दर दुसरा माणूस आपल्या गच्चीचंही भाडं मोजतोय. २०१५ ला आम्ही इथेच होतो. रस्ते बंद, ठिकठिकाणी बॅरिकेड्स, आपल्याच गल्लीत जायला ओळखपत्र दाखवा. इंदिरानगरहून रामकुंड काही पायाखाली नाही. काही दिवसांच्या आशेवर वेळेवर भाडं देणारं जोडपं उठवायचं, मग मजला पुन्हा भरेपर्यंत दोन-तीन महिने रिकामा ठेवायचा, याचं गणित त्या माणसाने तुम्हाला दाखवलंय का? त्याला फायदा आहे, तो तर पुन्हा भाडेकरू आणून देणार.

मॅनेजर कधी ठेवाल, हेही सांगते. दादा उद्या स्वतःचं घर घेऊन गेले, आणि वर दोन्हीकडे शिफ्टवाली मुलंच राहिली, तर ठेवा. तुमची बदली पुण्याबाहेर लांब झाली, किंवा आईला सोडून येणंच जमेनासं झालं, तरी ठेवा. त्या दिवशी हाच माणूस पुन्हा आला तर त्याच्याशी असं ठरवा: भाडं आणि डिपॉझिट थेट तुमच्या खात्यात. त्याची फी टक्क्यांत नाही, महिन्याची ठरावीक, आणि महिन्यातून एकदा घरात फिरून त्याच दिवशीचा व्हिडिओ पाठवायचा, फोटो नाहीत, माझ्या पडद्यांची आठवण ठेवा. दोन हजारांवरच्या कोणत्याही दुरुस्तीला आधी फोन, आणि बिल मिस्त्रीच्या नावाचं, पैसे तुम्ही परस्पर मिस्त्रीला देणार. नवीन भाडेकरूचे पैसे अर्धा महिना, आणि तो अकरा महिन्यांच्या आत गेला तर पुढचा फुकट आणून द्यायचा. या शेवटच्या अटीवर त्याचा चेहरा कसा होतो ते बघा. हो म्हणाला तर माणूस कामाचा आहे. करार सहा महिन्यांचा, एका महिन्याच्या नोटिसीवर मोडता येईल असा.

भावाला हे पत्र पुढे पाठवा. तो ‘सुटशील’ म्हणतो ते प्रेमाने म्हणतो, पण कुलमुखत्यारपत्राच्या कागदावर सही करून तो साक्षांकित करून घ्यायला त्यालाही थोडी धावपळ करावी लागेल, तेव्हा घराचं काम म्हणजे काय हे त्यालाही थोडं कळेल.

नवरात्राच्या आधी एक खेप होणारच आहे असं तुमच्या यादीखाली दिसतंय. तीच दादांकडे बसायला वापरा, आईला सोबत न्या. आणि जाल तेव्हा मोटरवाल्याचा नवा नंबर त्यांच्याकडून लिहून आणा. जूनमध्ये मोटर कोणीतरी आणून बसवली, म्हणजे तो त्यांच्याकडे असणार.